सत्तेचाळिसावी पट्टी

एक

डावीकडून मोजत या, मित्रांनो. काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून सत्तेचाळिसावी येते ती मी. पियानोची एक जुनी, पांढरी पट्टी. आम्ही अठ्ठ्याऐंशी जणी एकाच फळीतून कापलेल्या, म्हणजे सख्ख्या बहिणीच. प्रत्येकीच्या मागे एकेक हातोडी. बोट पडलं की हातोडी तारेवर आपटते आणि सूर निघतो.

ज्या रचनेमुळे माझं आयुष्य पालटलं, तिच्या दोन पानांत मी फक्त नऊ वेळा येते. आणि बोट पडल्याशिवाय तोंड उघडायची मला सवय नाही. तेव्हा गोष्टही नऊ वेळांतच सांगेन. मध्ये थांबले तर रागावू नका.

दोन

माझी तरुणपणची वर्षं नाचाच्या वर्गात गेली. तिथे वाजवणाऱ्या आजोबांची बोटं जाडजूड, पण हात हलका. ते म्हणायचे, "ही सत्तेचाळिसावी गुणाची. कधी रुसत नाही." मी फुगून जायची.

मग वर्ग बंद पडला आणि एका चष्मेवाल्याने आम्हाला आपल्या दुकानामागच्या खोलीत आणून ठेवलं. त्याला वाजवता येत नव्हतं. झाकणावर फ्रेमचे खोके रचता मात्र फार छान येत. बारा वर्षं मी अंधारात होते. धूळ खात पडणं म्हणजे काय, ते मला विचारा.

तीन

चष्मेवाल्याला दोन मुली. त्याच्यामागे दुकान दोघींचं झालं. थोरली दुसऱ्या शहरात राहते आणि तिथून मतं पाठवते. धाकटी दुकान चालवते.

बावन्नाव्या वर्षी धाकटीने एके दिवशी खोके उतरवले, ओल्या फडक्याने आम्हाला पुसलं आणि पियानो शिकायला घेतला. (ओल्या फडक्याने पुसू नये. पण त्या दिवशी तक्रार कोण करणार?) शिकवायला एक मुलगी यायची, तिच्या लेकीच्या वयाची.

अडचण निघाली ती चष्म्याची. कागद दिसेल असा चष्मा लावला की आम्ही धूसर, आम्ही दिसू असा लावला की कागदावर नुसत्या मुंग्या. दोन्हींचा मिळून एक केला, तर मान वरखाली करून दुखायला लागली. गावाला चष्मे लावणारीची ही गत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटी तिने ठरवलं, कागदच नको. पाठ करायचं.

त्याच आठवड्यात थोरलीचं मत आलं. मागची खोली मोकळी कर, डोळे तपासायचं नवं मशीन ठेवू. आपला सुतार पियानोचं कपाट करून द्यायला तयार आहे. मित्रांनो, कपाट! कुणाचे तरी टॉवेल पोटात घेऊन उभं राहायचं!

धाकटीने फोन लावला. म्हणाली, "चार महिने दे. एक रचना न बघता, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून दाखवते. अडखळले तर बोलाव सुताराला."

थोरलीने लगेच तारीख लिहून घेतली.

चार आणि पाच
(इथे मी लागोपाठ दोनदा येते, म्हणून भरभर सांगते.)

दुकानात काही गिऱ्हाइकं बसल्या बसल्या तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून ठेवतात, म्हणजे नंबर वाढायला नको. धाकटी त्यांना ती ओळ उलटी वाचायला लावते आणि पितळ उघडं पाडते. तोच नियम तिने स्वतःला लावला. शेवटची ओळ आधी पाठ, मग तिच्या आधीची. कुठूनही सुरू करायचं. डावा हात वेगळा, उजवा वेगळा. काचा घासताना बोटं काउंटरवर चालूच असायची. दोन महिन्यांत सगळं बसलं.

आणि माझी हातोडी मोडली. कट्. दांडीच गेली. बोट पडतंय, मी खाली जातेय, आवाज नाही. गुणाची सत्तेचाळिसावी मुकी झाली.

पियानो दुरुस्त करणारे काका कंबर धरून अंथरुणात होते. अडीच महिने तरी येणं नाही. धाकटीने विचारलं, मीच चिकटवू का? ते म्हणाले, "ताई, चष्म्याची काडी कुणी घरी चिकटवून आणली, की तुम्ही त्याला काय म्हणता?" तिने मुकाट्याने माझी हातोडी चष्म्याच्या डबीत ठेवली.

मी जिथे जिथे येत होते, तिथे आता खड्डा. कान फसायचा, मागोमाग हात फसायचा, आणि पुढचं सगळं डोक्यातून पुसलं जायचं. शिकवणारी मुलगी म्हणाली, तेवढा सूर तुम्ही तोंडाने म्हणा.

"मी गात नाही," धाकटी म्हणाली. "शाळेत समूहगीत होतं, तेव्हा ताईने सांगितलं होतं, तू नुसतं तोंड हलव. तेव्हापासून हलवतेच आहे."

"काकू, एकच तर सूर आहे."

दुसऱ्या दिवशी दार लावून तिने माझ्या जागी हळूच म्हटलं, हंऽ. बरोबर माझाच सूर. केसभरही इकडेतिकडे नाही. मला जिभेवाचून बोलल्यासारखं वाटलं.

सहा

थोरली आली. शेजारच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन बसली. धाकटीने कागद उलटा करून ठेवला आणि वाजवायला सुरुवात केली.

पण बहिणीसमोर तिच्या तोंडून आवाज फुटेना. मी पाहत होते. माझ्या पहिल्या पाचही वेळांना तिचे ओठ नुसते हलले. पाच खड्डे तिने कसेबसे ओलांडले, आणि सहाव्याला

सहा, पुन्हा

माफ करा. हात थांबला होता. थोरलीने पर्स उघडली, बंद केली. आतमध्ये आम्ही अठ्ठ्याऐंशी जणी टॉवेलांचा विचार करत होतो.

धाकटीने चष्मा काढून पियानोच्या माथ्यावर ठेवला. चार सूर मागे गेली, आणि माझ्या जागी चक्क मोठ्याने म्हणाली, हंऽ.

हात पुढे निघाला.

सात

हंऽ.

आठ

हंऽ. (आता तर तिला मजा यायला लागली होती.)

नऊ

शेवटून दुसरा सूर माझा. तो धाकटीने लावला, आणि शेजारच्या खुर्चीतून आणखी एक आवाज आला. सूर सोडून चांगला बोटभर वर.

रचना संपली. मग थोरली पर्सच्या चेनशी खेळत म्हणाली, "तोंड हलवायला बाईंनी मला सांगितलं होतं, धाकटे. तुला नाही. एकटीला लाज वाटत होती, म्हणून तुलाही सांगितलं."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. "ताई, पंचेचाळीस वर्षं?"

"सांगायचं राहून गेलं," थोरली म्हणाली. "आणि तू अडखळलीस, ते मी ऐकलंय हं. सुताराला बोलावणार आहे मी."

*

माझ्या नऊ वेळा संपल्या, मित्रांनो, पण तुम्ही जीव मुठीत धरून बसला असाल, म्हणून एवढं सांगते.

काकांची कंबर बरी झाली, मला नवी दांडी मिळाली. सुतारही आला. थोरलीने त्याच्याकडून पियानोसमोर ठेवायला दुसरं स्टूल करून घेतलं. आता ती महिन्यातून एकदा येते आणि माझी पाळी आली की माझ्याबरोबर सूर लावते. दर वेळी थोडा वर. मी बोलत नाही. पोरगी शिकतेय.

म्हणून विनंती करते. घरातली एखादी वस्तू मुकी झाली, तर लगेच तिचं कपाट करू नका. शेजारी कुणी नुसतंच तोंड हलवत असेल, तर त्याला एक सूर द्या. एकच पुरतो.

आणि ओलं फडकं तेवढं लांब ठेवा.