ये, बस, जेव

अर्कान्सामधून परत पाठवलेला जेल्टन जन्मबेटावर, माजुरोला उतरला तेव्हा त्याला आपल्या भाषेतले दोनच शब्द येत होते, एक नमस्काराचा आणि एक नकाराचा. दोन वर्षांचा असताना तो आईबरोबर गेला होता. आई तिकडेच वारली. तो सव्विसाव्या वर्षी, मारामारीची शिक्षा भोगून एकटा परतला. विमानतळावर घ्यायला आत्या आली होती, हर्टिना.

आत्याच्या घरी सासरची माणसं आधीच दाटीने राहत होती. तिच्या नवऱ्याने पहिल्याच जेवणाला विचारलं, "हा इथे किती दिवस?"

बेटावर जमीन आईकडून येते. जेल्टनच्या आईची जमीन अजेल्टाके गावात होती आणि ती तिचा थोरला भाऊ किलोन सांभाळत होता. किलोनच्या मागे ती त्याच्या मुलीकडे नव्हे, या भाच्याकडे जाणार होती. किलोनला मात्र तिथे जावयाचं घर बांधायचं होतं. सख्ख्या भाच्याला तोंडावर नाही म्हणणं शक्य नव्हतं. "ज्याला 'ये' आणि 'जा' कळत नाही, तो जमीन काय राखणार?" एवढंच तो चर्चच्या दारात बोलला होता.

ते हर्टिनाच्या कानावर आलं. तिने नारळ खोवता खोवता शिकवणी सुरू केली.

"इटोक."

जेल्टन जवळ आला.

"एताल."

तो लांब गेला.

"जिजेत."

तो बसला. "आत्या, तू मला कुत्र्यासारखं शिकवतेस," तो इंग्रजीत म्हणाला.

"कुत्रं एवढा वेळ घेत नाही रे." शेजारणी हसल्या. एकीने विचारलं, "अगं, 'मोंया' शिकवलंस की नाही? जेवायला तर बरोबर येतो!"

मग देणं, घेणं, झोपणं, मागणं, लावणं, तोडणं. हात, डोकं, आई, माती. जेल्टन मन लावून शिकला. दुपारी धक्क्यावर जाऊन कोळ्यांशी तेच शब्द बोलायचा आणि ते हसले की पुन्हा बोलायचा. शेवटी आत्याने मामापुढे बोलायची वाक्यं पाठ करून घेतली. जमीन मागायची तर ती स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या भाषेत मागायची.

रविवारी चर्चनंतर दोघं अजेल्टाकेला गेली. अंगणात केवड्याच्या पानांची चटई पसरली होती. मध्ये भाताचं आणि माशाचं पातेलं होतं, शेजारी भाजलेले नीरफणस. जेल्टन वाकून आला आणि चटईच्या कडेला बसला.

"मामा, मी आलो. मी तुमच्या बहिणीचा मुलगा. तिच्या मातीत मला राहू द्या. मी झाडं लावीन."

एक म्हातारी डोळे पुसू लागली. किलोन म्हणाला, "छान बोललास. तुझी आईच बोलतेय असं वाटलं." मग त्याने बायकोकडे पाहिलं.

मामी आत गेली. ती नारळाच्या ओल्या पात्यांची विणलेली टोपली घेऊन आली. टोपलीत नीरफणस आणि मासे होते. तिने ती जेल्टनपुढे धरली.

त्या घरात घरचा माणूस पातेल्यातून जेवतो. टोपली जाणाऱ्याला देतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही, रांगतं पोरही बघून बघून शिकतं. घरचा असेल तर त्याने टोपली बाजूला सारून पातेल्यात हात घालायचा. हर्टिनाने त्याला सगळं शिकवलं, हे सांगायचं मात्र तिला सुचलंच नव्हतं. ती बापाकडची, या अंगणात तिला तोंड उघडायचा अधिकार नव्हता. तिने भाच्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. त्याला वाटलं, आत्या खूश आहे.

त्याने दोन्ही हातांनी टोपली घेतली आणि स्पष्ट उच्चारात आभार मानले.

कुणीही हसलं नाही. किलोन स्वतः उठला आणि त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

टॅक्सीत जेल्टनने टोपली उघडली, एक मासा ड्रायव्हरला दिला आणि एक स्वतः खायला घेतला. "आत्या, कुठे चुकलो का?"

"बोलण्यात नाही," हर्टिना म्हणाली आणि मग तिने सांगितलं.

तो खायचा थांबला. "परत नेऊन देतो."

"खाल्लेलं परत कसं देणार?"

"मला माहीत नव्हतं असं सांगतो."

"अरे, तुला माहीत नाही हेच तर त्याला सगळ्यांसमोर दाखवायचं होतं."

तरी दुसऱ्या दिवशी तो एकटा गेला. नीरफणसाच्या झाडांपलीकडे जावई सिमेंट कालवत होता. बाकीची मंडळी चटईवर बसून जेवत होती. जेल्टन चटईकडे वळला, तेवढ्यात किलोनने घरात हाक मारली. मुलीने प्लॅस्टिकची खुर्ची आणली. किलोनने ती तळहाताने पुसली आणि चटईपासून दूर, सावलीत ठेवली.

"बसा," तो म्हणाला. "कॉफी घेणार?"