संथ पाणी

वायरमावशी एका बाईला पाण्यात पाहत होत्या. ती बाई सत्तावीस वर्षांची होती, केस कानापर्यंत कापलेले, खांद्यावर वायरींचं भेंडोळं, मागे कपाटाएवढा सिंथेसायझर. पंचाईत एवढीच, की रेकॉर्डच्या वेष्टनावरची ती बाई म्हणजे तरुणपणीच्या वायरमावशीच होत्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे?

झालं होतं असं. जुन्या रेडिओ केंद्राचं तळघर रिकामं करताना टेपांची खोकी सापडली. ओलीनं खोक्यांवरची अक्षरं खाल्ली होती, मावशींचं नाव तेवढं वाचता येत होतं; टेपा मात्र शाबूत होत्या. ध्वनिसंग्रहालयाच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे संग्रहवाले म्हणत, त्या टेपा पुसून, सुकवून वाजवल्या. त्यातल्या एका लांबलचक रचनेला त्यांनीच ‘संथ पाणी’ असं नाव दिलं आणि तिची रेकॉर्ड काढली. मग काय विचारता. लोक डोळे मिटून ऐकू लागले. एक जागा तर अशी होती म्हणे, की तिथं हमखास सगळे रडायचे. इतकी मोठी कलावंत होऊन गेली आणि आम्हाला पत्ताच नाही, असं वर्तमानपत्रात छापून आलं.

ते ‘होऊन गेली’ मावशींना फार झोंबलं. त्या कुठंही गेल्या नव्हत्या. दुसऱ्या मजल्यावर, जिन्यातल्या पोरांनी ज्यापायी त्यांना हे नाव ठेवलं त्या वायरींच्या गुंत्यात बसून, त्या रोज सकाळी संगीतच करत होत्या. पोटासाठी साबणाच्या आणि बल्बच्या जाहिराती केल्या, मालिकांची शीर्षकं केली, आणि आता म्हातारपणी स्वतःसाठी एक मोठी रचना पुरी केली होती. ती ऐकायला कुणाला सवड नव्हती. दारात येणारा जो तो त्या केस कापलेल्या पोरीचीच चौकशी करायचा. मावशींच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या रागात त्यांनी ती रेकॉर्ड ऐकलीच नाही. मंजुरीसाठी आलेली प्रत न उघडता त्यांनी सही करून टाकली होती.

“दुसऱ्यावर जळणारे ढीगभर पाहिले,” त्यांची धाकटी बहीण म्हणाली. ती निवृत्त नर्स, मावशींकडेच राहायची, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. “स्वतःवर जळणारी तूच पहिली, ताई.”

“ती मी नाही. तिला काय येत होतं? चार बटणं पिळायची आणि आवाज निघाला की टाळ्या पिटायच्या. मी जन्मभर शिकले.”

“मग तसं सांग की त्यांना.”

मावशींनी सांगितलं, त्यांच्या पद्धतीनं. संग्रहालयानं ‘संथ पाणी’ सभागृहात ऐकवायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी अट घातली: आधी माझी नवी रचना लावा, तरच येईन. म्हातारी आणि पोरगी एकाच सभागृहात, त्याच लोकांसमोर. होऊन जाऊ दे. संग्रहवाले डोकं खाजवत कबूल झाले.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी दोघी बहिणी सभागृहात पोहोचल्या. खुर्च्या रिकाम्या होत्या. संग्रहवाल्यांनी आवाज तपासायला कॉम्प्युटरवर ‘संथ पाणी’ लावलं आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून बाहेर गेले.

मावशींनी हाताची घडी घातली. खालून, फार खालून, एक सूर वर आला, थांबला, कलला, विरून गेला. मग दुसरा. सुंदर होतं, आणि मावशींना ते ओळखूच येईना. आपण असलं काही केलंच नव्हतं. एवढ्यात एक प्रचंड आवाज हळूहळू घसरत खाली गेला आणि बहिणीनं डोळ्याला पदर लावला. रडायची जागा हीच असणार. मावशी मात्र ताडकन उठल्या.

त्यांनी कॉम्प्युटरपाशी जाऊन रचनेचा वेग चौपट केला. सभागृहभर टुणटुण उड्या सुरू झाल्या. मुलांच्या कार्यक्रमासाठी केलेली बेडकांची शर्यत होती ती. आणि ज्यावर लोक रडत होते, तो जाड्या बेडूक होता, चिखलात पाठीवर आपटणारा. केंद्रातली भाषणं कमी वेगावर टेप व्हायची आणि मावशींचं काम सर्वांत जास्त वेगावर. संग्रहवाल्यांनी सगळ्या टेपा भाषणांच्याच वेगानं वाजवल्या होत्या.

मावशी इतक्या हसल्या, की त्यांना टेबल धरावं लागलं. संपली पोरगी. बेडूकवाली निघाली.

“आता तुझं लाव,” बहीण म्हणाली.

मावशींनी आपली नवी रचना लावली. छान वाजत होती. मग, जिंकलेल्या माणसाला आणखी थोडं जिंकावंसं वाटतं तसं, त्यांनी तिचाही वेग चौपटीनं उतरवला. बघू, आमचंही पाणी किती संथ आहे ते.

सूर लांबले. आत काही नव्हतं. सूर सुरू होत होता आणि तसाच्या तसा, भिंतीसारखा, संपेपर्यंत उभा राहत होता. मावशींनी पुढची जागा काढली, त्याच्या पुढची काढली. सगळीकडे तेच.

त्यांनी बेडूक पुन्हा संथ केला. एकेका उडीच्या पोटात उडी घेण्याआधीचं दबणं होतं, सुटणं होतं, हवेतला थरकाप होता. त्या पोरीनं एकेका उडीपाशी दिवस घालवले होते. विभागप्रमुख ओरडलेले मावशींना आठवले: एवढं कुणाला ऐकू जाणार आहे, बाई? आणि ती उर्मट कार्टी म्हणाली होती, बेडकाला जाईल. पुढं जाहिरातींत मावशी शहाण्या झाल्या. जे ऐकू जातं तेवढंच करायला शिकल्या, आणि त्यालाच इतकी वर्षं शिकणं म्हणत आल्या.

त्या खाली बसल्या. पोटात असं काही दुखलं, की आजवरचा जळफळाट त्यापुढे खेळ वाटावा.

संग्रहवाले परतले. “आधी तुमचं लावायचं ना, मावशी? भरपूर वेळ ठेवलाय.”

“माझं नको. ते अजून झालेलं नाही.” मावशींनी आपली रचना कॉम्प्युटरवरून पुसून टाकली. “आणि तिचं दोनदा लावा. आधी तुमच्या वेगानं, मग चौपट. शर्यत आहे ती, बेडकांची.”

संग्रहवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. “म्हणजे आमचं चुकलं? लोकांना काय सांगू?”

“चुकलं म्हणून सांगा. हसतील. तिचं काही बिघडत नाही त्यानं.”

मावशींनी पर्स उचलली. बहीण मागोमाग दारापर्यंत आली. “थांबत नाहीस? लोक तुझ्यासाठी येतायत.”

“तिच्यासाठी येतायत. तू थांब. मला घरी काम आहे.”

“म्हणजे जळणं संपलं म्हणायचं.”

“छे गं,” मावशी पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या. “इतके दिवस उगाच जळत होते. आता कारण कळलंय.”