हृदयाच्या गोळीची पाटी

मेहुणा चारला येणार होता आणि सव्वातीनला माझ्या यंत्राने मान टाकली.

सीएनसी राउटरचं किट म्हणे! खोकाभर सुटे भाग, तीन मोटरी आणि मूठ-मूठ स्क्रू. आपलं आपण जोडायचं, मग कॉम्प्युटर सांगेल तिथे ते भोक पाडतं. तीन आठवडे ते जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं आणि आम्ही दोघं ओट्याशी उभ्याने जेवत होतो. मी पंप दुरुस्त करणारा माणूस. माणसाएवढे पंप खोलून परत बसवलेत, पण या खेळण्याने माझा घाम काढला.

बायकोची नजर जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात हृदयाची गोळी समजून तिने दुसरीच घेतली आणि चार दिवस दवाखान्यात काढले. मग गेल्या रविवारी तिच्या थोरल्या भावाने मला बजावलं, "सोमवारपासून तुमची दिवसपाळी, ही घरात एकटी. शनिवारी मी येतो. माझ्यासमोर हिने गोळ्यांचे डबे ओळखले तर ठीक. नाहीतर ही माझ्याकडे राहील, कायमची." मी काय बोलणार? माणूस चुकीचं बोलत नव्हता, हाच तर राग होता.

ती ब्रेल शिकत होती. पण कागदावरचे ठिपके ओल्या हाताने चार दिवसांत दबून जायचे. म्हणून प्लास्टिकच्या पाट्या करायच्या ठरवल्या. यंत्राने भोकं पाडायची, त्यात बारीक छर्रे दाबून बसवायचे, की ठिपके पक्के. एका डब्यावर ‘ह’, हृदयाची गोळी. दुसऱ्यावर ‘ज’, जेवणानंतरची.

आणि आता आडव्या दांड्याची मोटर नुसती गुरगुरत होती, जागची हलेना.

"काय झालं हो?" ती खुर्चीतून म्हणाली.

"काही नाही! तू गप्प बस जरा."

पट्टा बघितला, स्क्रू आवळले. शेवटी सापडलं. प्लगमध्ये वायर तुटली होती. प्लग कापला, चारही वायरी सोलून नवा लावला. घड्याळाकडे बघायची सोय नव्हती. मोटर फिरली! घाई असूनही मी तपासलं बरं का. आधी चौकोन कापला, मग गोल. पट्टीने मोजला, फुटपट्टी फिरवून पुन्हा मोजला. तंतोतंत. मग दोन्ही पाट्या पाडल्या, छर्रे बसवले, डब्यांवर चिकटवल्या, आणि बेल वाजली. दहा मिनिटं आधीच! हा माणूस लग्नातही असाच मुहूर्ताआधी येऊन बसला होता.

त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. टेबलाशी बसला आणि पहिला डबा तिच्यापुढे सरकवला.

तिने बोट फिरवलं. "ज," ती म्हणाली. "जेवणानंतरची."

तो ‘ह’ होता. पहिली पाटी ‘ह’चीच पाडली होती मी.

"अगं, नीट बघ," मी म्हणालो.

तिने पुन्हा बोट फिरवलं, अगदी सावकाश. "ज आहे."

"ह आहे तो, ह! दीड महिना काय शिकलीस?" मी ओरडलो. तिच्यावर असा ओरडलो, तेही तिच्या भावासमोर. अजून आठवलं की अंग चोरावंसं वाटतं.

मेहुण्याने दुसरा डबा दिला. त्यावर बोट फिरवून ती म्हणाली, "ह." मग माझ्या दिशेने चेहरा वळवला, माझ्या तोंडून नुसतं ‘च्च’ निघालं. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मला नाही येत वाचायला," ती म्हणाली. "दादा, माझे कपडे भर."

तो उठून आतल्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. मला काही सुचेना, मी चिडून डबा उचलला आणि फ्रिजवर चिकटवलेल्या ब्रेलच्या तक्त्याशी धरला. आधी कळलंच नाही. मग दिसलं. ठिपके उलटे होते. डावीकडचे उजवीकडे. ब्रेलचा ‘ह’ आरशातल्यासारखा उलटा केला की ‘ज’ होतो, आणि ‘ज’चा ‘ह’. नव्या प्लगमध्ये दोन वायरींची अदलाबदल झाली होती, मोटर उलटी फिरत होती. चौकोन उलटा केला तरी चौकोनच दिसतो, गोल उलटा केला तरी गोलच. काय डोंबलाचं तपासलं मी!

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं.

"ती बरोबर वाचतेय," मी आत बघून मोठ्याने म्हणालो. "पाट्या चुकल्यात. चूक माझी आहे."

मेहुणा तिची साडी हातात घेऊन दारात आला. "म्हणजे ही पाटी वाचून हिने सोमवारी..."

"हो," मी म्हणालो. "चुकीची गोळी घेतली असती. माझ्यामुळे."

तिने टेबलावरचा डबा चाचपला. मग म्हणाली, "चौकोन मोजलात, गोल मोजलात. मला दोनदा ‘ज’ लागला, तर तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की हिचं बरोबर असेल?"

मी हातातला डबा टेबलावर ठेवला. माझे डोळे भरून आले होते, ते तिला दिसत नव्हतं आणि सांगायची लाज वाटत होती.

"दादा, कपडे राहू दे तसेच. बस," ती म्हणाली. आणि मला, "वायरी बदला. पाटी डब्याला लावायच्या आधी माझ्या हातात द्या."

वीस मिनिटं लागली. यंत्र थांबलं, मी छर्रे बसवले आणि गरम पाटी तिच्या तळहातावर ठेवली. कुठलं अक्षर आहे ते मी सांगितलं नाही. "बघ," म्हणालो, "तू सांगशील ते."