जिन्यावरून खाली आलेलं फाटक

मी फाटक बोलतोय. बंगल्याचं नाही, रेल्वेचं तर नाहीच नाही. रांगणाऱ्या पोरांना अडवायचं, मोठ्यांच्या मांडीला लागणारं पांढरं लोखंडी फाटक. हसा, खुशाल हसा! मला ओलांडताना तुमच्यासारखे भलेभले लंगडी घालतात, तेव्हा मीही हसून घेतो.

कारखान्यात माझे गज जोडले, रंगाच्या फवाऱ्याखाली आंघोळ घातली आणि खोक्यात कोंबलं. दुसऱ्यांना अडवण्यासाठी माझा जन्म, पण कोंडून घेतलं पहिल्यांदा मलाच!

दुकानात मला बघायला एक जोडपं आलं. त्यांची लेक नुकतीच रांगायला लागली होती. घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. एकदा ती रांगत रांगत जिन्याच्या अगदी तोंडाशी पोचली होती, तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"जिन्याच्या वर स्क्रूने पक्कं बसवायचंच फाटक हवं," आई म्हणाली. "हे नुसतं दाबून बसवायचं नको."

"अगं, भिंतीला नवा रंग दिलाय. भोकं पाडू?" बाप असा कळवळला, जणू त्याच्याच पोटाला भोक पाडायचंय.

झालं! मी घरी आलो. माझ्या चार कोपऱ्यांना चार रबरी टोप्या. त्या फिरवून दोन्ही बाजूंना भिंतीवर घट्ट दाबायच्या, बस्स. दाराच्या चौकटीत मी पैलवान. पण मला जिन्याच्या वर उभं करणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला तळ्यावर राखणीला ठेवणं.

बापाने सूचनांच्या कागदाचं विमान करून भिंगरीला दिलं. तिने ते चघळलं. मग त्याने मला अंदाजाने बसवलं आणि एका बोटाने ढकलून पाहिलं. "हत्ती आला तरी हलायचं नाही!"

हत्ती नाही आला. आजोबा आले.

आजोबांना खाली उतरायचा भारी कंटाळा. ते माझ्यावर पोट टेकवून खाली ओरडले, "अगं, चहा झाला का?"

त्या जोरासरशी माझ्या टोप्या सटकल्या. आजोबांनी कठडा धरून वरच्या पायरीवर बसकण मारली आणि मी धडाडधूम करत थेट आजीच्या पायाशी.

आजीने मला पाहिलं, मग वर पाहिलं. "चहा हवा तर चहा मागावा. फाटकं काय फेकताय?"

इकडे भिंगरीने आधी टाळ्या पिटल्या आणि मग मोकळी वाट बघून सुसाट निघाली जिन्याकडे! आई किंचाळली, बाप धावला. पण भिंगरी आजोबांच्या पाठीवर जाऊन आदळली. अख्खी पायरी आजोबांनी भरली होती ना!

"आजोबा, अजिबात उठू नका!" आई ओरडली. मग नवऱ्याकडे वळली, "आता पाडतोस भोकं, की यांनाच स्क्रू मारू?"

बाप तडक जाऊन स्क्रूचं नवं फाटक आणि ड्रिल घेऊन आला. तोवर आजोबा पायरीवरच. चहासुद्धा तिथेच प्याले.

हल्ली मी स्वयंपाकघराच्या दारात असतो. ही माझी खरी जागा. तेव्हा बाबांनो, फाटक घेताना भिंतीचा रंग बघू नका, जागा बघा. रंग काय, पुन्हा देता येतो.

भिंगरी रोज माझे गज धरून मला गदागदा हलवते. मी हूं की चूं करत नाही. कारण मी निखळलो तर इथेही आजोबांना बसवतील, आणि मग स्वयंपाकघरातून जेवण काही बाहेर यायचं नाही!