मागचं डोकं

गोटेमामांच्या वस्तऱ्यावर माशी बसली, तर उडताना तिच्या दोन माश्या व्हायच्या आणि दोघींनाही पत्ता लागायचा नाही. हे खुद्द गोटेमामाच सांगायचे. गालाला फेस लावून बसलेल्या माणसाला हसायची सोय नसते, म्हणून सगळे खरं मानायचे.

गोटेमामा म्हणजे कोपऱ्यावरचे न्हावी. डोकं असं तुळतुळीत, की समोरचा शिंपी म्हणायचा, मामा दारात उभे राहिले की मला सुईत दोरा ओवायला दिवा लागत नाही. आणि हे डोकं मामा स्वतःच्या हाताने, साध्या वस्तऱ्याने करायचे. पुढून आणि मागून, आरशाशिवाय, वर पेपर वाचता वाचता. निदान त्यांचं सांगणं तसं होतं. ज्याला स्वतःचं मागचं डोकं न बघता करता येतं, त्याच्या हाती मान द्यायला कशाला भ्यायचं? दुकानात केस कापायचं मशीन नव्हतं, खुर्ची करकरायची. गिऱ्हाईक यायचं ते या एका गोष्टीवर.

गोष्ट अर्धी खरी होती. कानापर्यंतचं डोकं मामा करायचे. कानामागचं मामी. सव्वीस वर्षं, दर तिसऱ्या दिवशी, सकाळी स्वयंपाकघरात, दूध तापायला ठेवून. मामांच्या मागच्या डोक्यावर दोन भोवरे होते, एक उजवीकडे वळणारा, एक डावीकडे, आणि मधोमध लहानपणी झाडावरून पडल्याचं टेंगूळ. मामी डाव्या अंगठ्याने कातडी ताणायच्या, टेंगळापाशी वस्तरा अलगद आडवा करायच्या आणि दूध वर यायच्या आत मोकळ्या व्हायच्या. इतक्या वर्षांत ना रक्ताचा थेंब आला, ना दूध उतू गेलं. दुकानात त्यांच्यादेखत कुणी मामांच्या हाताची तारीफ केली, तर त्या जेवणाचा डबा ठेवून निघून जायच्या. मामा आरशातूनसुद्धा त्यांच्याकडे बघायचे नाहीत.

मग मामींच्या बहिणीचा पाय मोडला आणि मामी पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मागे हात घालू नका. टोपी घाला."

मामांनी टोपी घातली. चौथ्या दिवशी टोपी टोचायला लागली. आठव्या दिवशी मागे असं रान माजलं, की त्यात ससा सोडला असता तर संध्याकाळपर्यंत सापडला नसता. शिंप्याने विचारलं, मामा, टोपी टाके घालून बसवलीय का? सगळे हसले. टपालवाला मात्र हसला नाही. तो म्हणाला, पुढच्या चौकात मशीनवाला आलाय म्हणे, एकदा बघून येतो. ते मामांना लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मामा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. समोर मोठा आरसा, डाव्या हातात छोटा आरसा, उजव्यात वस्तरा. त्या छोट्या आरशात त्यांनी आख्ख्या गल्लीला तिची मागची बाजू दाखवली होती. स्वतःची बघायची वेळ पहिलीच. बघितलं तर ते डोकं ओळखीचंच वाटेना. तरी वस्तरा लावला. डावा हात आरशात अडकलेला, मग कातडी ताणणार कोण? कातडी ताणल्याशिवाय पातं टेकवायचं नाही, हे न्हाव्याला पहिल्या दिवशी शिकवतात. मामांना ते आठवलं, पण टेंगळाच्या पलीकडे गेल्यावर.

तुरटी लावली, कागदाचे कपटे चिकटवले, वर टोपी चढवली. पण टोपीतून लाल ठिपका उमटला आणि शिंप्याने पुढे होऊन टोपीच उचलली. दुकानात चार माणसं होती. सगळी वाकून बघायला लागली.

मामांच्या तोंडून निघून गेलं, "हे होय? आमच्या हिचं काम. जाता जाता हट्टच धरला, एकदा मला करू द्या म्हणून. बघा काय केलं ते."

सगळे खो खो हसले. मामी जाऊन आठवडा उलटला आणि रक्त आजचं, हा हिशोब कुणी केला नाही. हसल्यावर मामांना थांबता येईना. मामींनी वस्तरा उलथन्यासारखा धरला होता म्हणाले. डोकं करतेय की भाकरी परततेय तेच कळेना म्हणाले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर उलथनं पोचलं. टपालवाला मशीनवाल्याकडे गेला नाही.

त्या रात्री मामांना जेवण गेलं नाही. तुरटी फार झोंबतेय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

आणखी दोन दिवसांनी मामी लवकरच परतल्या. पिशवी घेऊन थेट दुकानात आल्या, घराची किल्ली मागायला. मामा टपालवाल्याची दाढी करत होते. शिंपी म्हणाला, मामी आल्या, माना सांभाळा रे. मामींना काही कळेना, तेव्हा त्यानेच सगळं ऐकवलं, उलथन्यासकट.

मामी मामांच्या मागे गेल्या. एका बोटाने टोपी वर केली. जखमा दोन दिवसांच्या होत्या. त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते. मामांनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं, आणि वस्तरा टपालवाल्याच्या गालावर तसाच थांबला.

"हो," मामी म्हणाल्या. "हात घसरला माझा."

किल्ली घेतली आणि गेल्या.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. टपालवाला म्हणाला, "मामा, गालावरचा फेस वाळला."

मामांनी तिथेच सांगून टाकलं. मागचं डोकं सव्वीस वर्षं हीच करते, परवाचं कापलं ते मी. शिंपी इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मामा, ही तर माशीच्याही वरची झाली." कुणाचा म्हणून विश्वास बसेना. मामांनी शपथ घेतली, तर आणखी हसले.

घरी मामींनी बहिणीच्या पायाचं सगळं सांगितलं, ताटात वाढलं, टेंगळाला काय लावलंत ते विचारलं. बाकी अक्षर नाही. मामा घासाकडे बघत बसले.

खपल्या पडल्या त्या सकाळी मामींनी नेहमीसारखं दूध ठेवलं आणि पाट मांडला. मामा बसले नाहीत.

"दुकानात चल," म्हणाले.

"मला तमाशा नको."

"तमाशा मी करून बसलोय. तू नुसता वस्तरा धर."

मामींनी दुधाखालचा गॅस बंद केला.

दुकान भरलेलं होतं. मामा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, टोपी काढली, मान खाली घातली. मामींनी फेस लावला, डावा अंगठा टेकवला आणि सुरुवात केली. हात चालू होता, आणि शिंप्याला बहिणीचा पाय कुठे मोडला, कसा मोडला, डॉक्टर काय म्हणाला, ते सांगणंही चालू होतं. डोळे निम्मा वेळ शिंप्याकडे. पहिला भोवरा गेला, दुसरा गेला, टेंगळापाशी पातं आडवं झालं. शिंपी हं हं म्हणायचं सोडून पुढे वाकून बघायला लागला.

टपालवाल्याने न सांगता छोटा आरसा उचलला आणि मामांच्या मागे धरला.

"झालं," मामी म्हणाल्या. "मान वर करा."

मामांनी मान वर केली नाही. खालूनच म्हणाले, "अजून थोडं राहिलंय बघ."

मामींनी डोक्यावरून अंगठा फिरवला. कुठे काही राहिलं नव्हतं. मग त्यांनी वस्तरा पुसला आणि राहिलंच असल्यासारखा सावकाश चामड्याच्या पट्ट्यावर घासायला घेतला.