बारा चकत्या

“मामा, चिकटपट्टी द्या ना. चार वाजता कुरिअरवाला येईल.”

मामांनी चिकटपट्टीऐवजी कात्री दिली. मुलगी हसली. ती चार वर्षं या प्रयोगशाळेत संशोधन करत होती आणि मामांच्या असल्या घोटाळ्यांची तिला सवय होती. मामांना मात्र हसू आलं नाही. समोरच्या खोक्यात कापसावर बारा चकत्या मांडलेल्या होत्या. सकाळपासून मामा त्या पुन्हा पुन्हा मोजत होते, आणि का ते कळत नव्हतं.

चकत्या नखाएवढ्या, अ‍ॅल्युमिनाच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा थंडगार आम्लात बुडवून वीज सोडली की त्यावर हा थर चढतो आणि थराला आपोआप भोकं पडत जातात. एका केसाच्या रुंदीत सात-आठशे भोकं. पहिला थर वेडावाकडा येतो, तो विरघळवून टाकायचा. दुसरा शिस्तीत चढतो. “माणसाला ही सोय नाही,” असं मामा नव्या मुलांना सांगायचे. शेवटी मागचा पत्रा काढून टाकला की आरपार चाळणी तयार. ही चाळणी रक्तातले विषाणू गाळू शकते का, ते उद्या दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर कळणार होतं. त्या यंत्राची तारीख तीन महिने वाट पाहून मिळाली होती आणि मुलीची संशोधनाची मुदत दोन महिन्यांनी संपत होती.

मामा इथले मदतनीस; कॉलेजात शिकलेले नव्हते. बावीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटींवर असाच थर चढवला होता. त्या कारखान्यातून प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी त्यांना इथे आणलं ते केवळ त्यांच्या हातांसाठी. मामांना आणखी एक वर्ष ठेवून घेण्याचा कागद सरांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

मामा चहा ओतून घेत होते तेवढ्यात फोन वाजला. कारखान्यातला जुना सोबती होता.

“काल बोलणं अर्धंच राहिलं बघ. तर सांगत काय होतो, आपल्या टाक्यासुद्धा भंगारात गेल्या.”

“काल?” मामा म्हणाले, आणि कप तसाच राहिला.

काल फोन खांद्याला दाबून ते याच टेबलाशी उभे होते. कारखाना बंद पडला, कोण कुठे गेला, कोण गेलाच, हे ऐकत होते. हातात जाळीची टोपली होती. पलीकडे काचेची भांडी धुवायला पाणी उकळत होतं. कारखान्यात शेवटचं काम ठरलेलं: माल उकळत्या पाण्यात घालायचा. त्यानं भोकं बुजतात, मग चौकटीवर डाग पडत नाहीत. इथे धुवायचं ते गार पाण्यात. पण काल टोपली उकळत्या पाण्यात गेली होती, आणि चांगली वीस मिनिटं.

त्याच टोपलीतली, पण कडा तुटली म्हणून बाजूला काढलेली तेरावी चकती खणात होती. मामांनी तिच्यावर शाईचा थेंब टाकला, थोडं थांबले आणि नळाखाली धरली. भोकं उघडी असती तर शाई आत मुरली असती. चकती पांढरीशुभ्र निघाली.

मामा खिडकीपाशी गेले, तिथून दाराशी, परत टेबलाशी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही मनात येऊन गेलं. डोळ्यांना तर काहीच दिसत नव्हतं. तिकडे रक्त गाळलं गेलं नाही तर सगळे म्हणतील, पोरीची रीतच चुकली. मामांवर कोण संशय घेणार? हा विचार आला आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

कुरिअरवाला दारात उभा राहिला. मुलीनं खोकं पुढे केलं.

“देऊ नकोस,” मामा म्हणाले. “बुजल्यात त्या. मी काल उकळत्या पाण्यात घातल्या.”

“उकळत्या?” ती बघतच राहिली. “मामा, तुम्ही? अहो, तुम्हीच मला शिकवलंत ना!”

“बोलत होतो गं फोनवर. हातानं जुनंच काम केलं.”

ती रडली नाही. खोकं टेबलावर ठेवून पाठमोरी उभी राहिली, ते मामांना जास्त लागलं.

सर आले. सगळं ऐकून कपाळ चोळत म्हणाले, “वीज गेली होती असं कळवू. तुमच्यावरही काही येणार नाही.”

“नको, सर. खोटं उघडं पडलं तर हिच्या रीतीवरच शंका येईल. झालं तसं लिहू.”

मामांनी प्रयोगवही ओढली आणि आपल्या मोठ्या, सावकाश अक्षरात लिहिलं: उकळत्या पाण्यात धुतल्या, चूक माझी. खाली सही केली. सरांनी दहा ठिकाणी फोन करून तीन दिवस मागून घेतले. मामांच्या त्या वाढीव वर्षाचा कागद मात्र टेबलावर सहीविनाच राहिला.

दोन दिवस दोघं सतत राबले. आम्ल गार केलं, पहिला थर चढवला, उतरवला, दुसरा चढवला. मामांचा हात एकदाही चुकला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चकत्या तयार झाल्या. मामांनी चिमटा उचलून टोपलीकडे हात नेला.

“धुवायचं मी बघते, मामा.” ती हळूच म्हणाली. आवाजात राग अजिबात नव्हता.

“हो, हो. बघ.”

त्यांनी चिमटा तिच्या हातात दिला. तिनं गार पाण्याचा नळ सोडला, आधी बोट धरून पाहिलं, आणि मग टोपली धारेखाली धरली. मामा जरा मागे सरकले. टेबल स्वच्छच होतं, तरी फडकं घेऊन ते पुसू लागले.