पहिल्या क्रमांकाचा शेवट

“नाथीची लेक धनी, धनीची लेक रतन आणि रतनची लेक मैना. चौघींनी डोक्यावर माशांच्या टोपल्या वाहिल्या. पहिल्या तिघींनी थिएटरचं दारसुद्धा पाहिलं नाही. लिही,” मी म्हणाले.

किंजलने पेन उघडलेच नाही. ती मैनाची नात. आजीची निंदा आहे की स्तुती, हे तिला उमजेना.

“जिजाआजी, मी एवढंच विचारलं, उद्या माइकवर मैनाआजीची ओळख करून देताना काय बोलू?”

“तेच बोल. खोटं काय आहे त्यात?”

माझा नातू पियुष ओटीवर मोबाइल चार्जिंगला लावत होता. तो हसला. “किंजल, तू दुसरीकडे विचार. आमची आजी जळते.”

आमच्या घरात वडीलधाऱ्यांना कोणी असे बोलत नसे. परंतु खऱ्या गोष्टीला उत्तर देत बसणे हेही माझ्या स्वभावात नाही.

आमच्या नरपडच्या युवक मंडळाने यंदा एक खूळ काढले होते. जुन्या माणसांना विचारून आजवरच्या सर्वश्रेष्ठ दहा चित्रपटांची यादी करायची आणि पहिला येईल तो किनाऱ्यावर पडदा लावून दाखवायचा. मुले आशागडला गेली, गंजाडला गेली, तलासरीच्या बाजारात बसलेल्या बायकांकडेही गेली. मी तीन दिवस विचार करून, रेघांच्या कागदावर, दहा चित्रपट क्रमवार लिहून दिले. प्रत्येकापुढे कारण दिले. दिग्दर्शन, संगीत, अभिनय, असे वेगवेगळे. मी सातवीपर्यंत शिकले आहे आणि माझ्या यजमानांनी मला वर्षातून दोनदा डहाणूला नेऊन तिकीट काढून चित्रपट दाखविले आहेत.

माझ्या पहिल्या क्रमांकाला एक मत पडले. माझे.

एकशे साठांपैकी एकशे बारा मते पडली ती ‘आंधळ्या आयच्या पिक्चरला’. त्याचे खरे नाव कोणालाही सांगता येईना. गंजाडच्या बुधीने तर जन्मात चित्रपट पाहिलेला नाही. तिने मुलांना सांगितले, “मैनाबाय सांगते ना, तो. तोच सगल्यांत मोठा.” बाजारात सुके बोंबील विकता विकता मैनाने तो चित्रपट तिला इतक्या वेळा सांगितला होता की बुधी आता पदर डोळ्यांना लावून तो इतरांना सांगत असे.

त्या चित्रपटाची गोष्ट मला सांगितली पाहिजे, कारण ती दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

पन्नास वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावर फिरता सिनेमा येत असे. दोन बांबूंमध्ये पांढरे कापड ताणले की पुढच्या बाजूला पुरुष बसत आणि मागच्या बाजूला आम्ही बायका. आम्हांला सगळे उलटे दिसे. नायक डाव्या हाताने जेवे, पाट्यांवरची अक्षरे वाचता येत नसत. तरीही आमच्यापैकी कोणी पुढे जाऊन बसल्याचे मला स्मरत नाही.

त्या दिवशी चित्रपट ऐन रंगात असताना खाडीच्या तोंडाशी होड्यांचे दिवे दिसले. भरतीला होडी आली की तिला थांबवता येत नाही; बायका टोपल्या घेऊन उठल्या. मैनाही उठली. मागच्या बाजूला मी एकटी उरले. आमच्या दोन मोठ्या होड्या होत्या, मासळी वाहायला माणसे होती, आणि आमच्या घराण्यात सुनेने डोक्यावर टोपली घेणे कमीपणाचे मानीत.

मासळी उतरवून मैना धावत परत आली तेव्हा पडदा गुंडाळून झाला होता. तिच्या मानेवरून खारे पाणी गळत होते. “जिजे, शेवटाला काय झाला?” तिने विचारले. गावात मला ‘जिजे’ म्हणणारी ती एकटीच. तेव्हाही आणि आजही.

उद्या वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत टांगताना ती हा चित्रपट सांगणार, हे मला माहीत होते. ती सांगू लागली की बायकांचे हात थांबत. मी तेच चित्रपट तिकीट काढून, सरळ बाजूने पाहिलेले. पण मी सांगू लागले की कोणाला तरी चुलीवरचा भात आठवे. मला ते सहन होत नसे. म्हणून मी तिला खोटा शेवट सांगितला. वाटले, सांगू दे चुकीचे. होऊ दे हसे.

खऱ्या शेवटात न्यायालय आहे. निरपराध मुलगा सुटतो, आईचे डोळे बरे होतात, धाकट्याचे लग्न लागते आणि सगळे बागेत गातात. मी मैनाला सांगितले की मुलगा पुष्कळ वर्षांनी सुटून येतो. आई आंधळी झालेली. घरात धाकटा सुखाने नांदतो आहे, आणि गुन्हा त्याचाच होता. मुलगा ओळख देत नाही. वाटसरू म्हणून पाणी मागतो, पितो, निघतो. तेव्हा आई मागून म्हणते, “जाताना दार ओढून घे रे. तुझी कायमची सवय, उघडं टाकून जायची.”

हे मला त्या क्षणी कसे सुचले, सांगता येत नाही.

हसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी वलांडीखाली बायका रडल्या. चित्रपट शेवटपर्यंत पाहणारे पुढचे म्हातारे बायकांशी असल्या गप्पा करणारे नव्हते, आणि पोरे वाळूवर झोपली होती. पुढे कोणी डहाणूत पाहून आला आणि म्हणाला की असे नाही, तर मैना ठणकावून सांगे, “शहरात कापून दाखवतात.” पन्नास वर्षे माझे वाक्य तिच्या तोंडून लोकांना रडवीत राहिले. ते माझे आहे म्हणावे, तर मी खोटे बोलले हेही म्हणावे लागले असते.

आता तो चित्रपट मुलांनी गोष्टीवरून शोधून कुठूनसा मिळविला होता. आठवडाभर मी मनातल्या मनात सण साजरा करीत होते. अख्खा गाव पाहील, बागेतले गाणे ऐकेल, आणि मैनाकडे वळून पाहील.

किंजल विचारून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम मैनाच्या वलांडीकडे गेले. ती बोंबील उलटवीत होती आणि एकटीच पुटपुटत होती.

“काय चाललंय मैने?”

“पाठ करतेय गो. माइकवर बोलायचा हाय.” ती लाजली. पंचाहत्तराव्या वर्षी! “पन्नास वर्सं सांगितला, पण मी कुठं पुरा बघितलाय? त्या दिसाला तू बसलीस म्हणून शेवट मिळाला. मी तेच सांगणार हाय. शेवट माझा नाय, जिजेकडून उधार आणलाय. तुझी उधारी हाय माझ्यावर.”

“मला तसलं काही नको,” मी म्हणाले.

“तुला नको, पण मला फेडाय नको?”

मी घरी आले. पियुषने विचारले, “आजी, बरं नाही का?” मी म्हटले, “माझं इरकली लुगडं काढ.”

संध्याकाळी सात वाजता पडदा लागला. वद्य दशमी होती. मुलांनी अंधार पाहून तिथी निवडली. दशमीची भरती पाहण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही सात-आठ म्हाताऱ्या चटया घेऊन पडद्याच्या मागे जाऊन बसलो.

“आज्यांनो, उलटं दिसेल!” पियुष ओरडला.

“आम्हांला सरळच उलटं वाटेल,” मी म्हणाले.

किंजलने मैनाचे नाव पुकारले. मैना उठायच्या आत मी उठून पडद्यापुढे गेले. माझ्या हातात माइक द्यायला कोणी तयार नव्हते. मी तो घेतला.

“या पिक्चरचा जो शेवट तुम्हांला ठाऊक आहे, तो या पिक्चरमध्ये नाही,” मी म्हणाले. “मैना खोटं बोललेली नाही. तिला तो शेवट मी सांगितला. जाणूनबुजून खोटा सांगितला.”

मग पहिल्या रांगेतून म्हातारा मोरू म्हणाला, “पण का गो वयनी?”

“ती सांगायची तेव्हा तुम्ही सगळे ऐकायचात म्हणून.”

मी माइक किंजलला दिला आणि चटईवर परत येऊन बसले. मैना माझ्या शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पडद्यावर चित्रे हलू लागली. आई डाव्या हाताने भाकरी थापू लागली. दोन तास गेले.

न्यायालयाचे दृश्य सुरू झाले आणि मैनाचा फोन वाजला. तिचा मुलगा प्रविण, गावातल्या शेवटच्या लहान होड्यांपैकी एकीचा मालक. “आये, खाडीत शिरलोय. वर कोण हाय?” सून निलम माहेरी गेलेली. मैनाने सवयीने बरोबर आणलेली टोपली ओढली आणि गुडघ्यावर हात टेकून उठू लागली. डोळे मात्र पडद्यावर होते.

मी तिचा दंड धरला. “बस. मी जाते.”

“तू?”

“बस म्हटलं ना.”

तिने क्षणभर माझ्या लुगड्याच्या काठाकडे पाहिले. मग कमरेची चुंबळ सोडून माझ्या हातात ठेवली.

प्रविण मला पाहून गोंधळला. “काकी, तुम्ही नको, मी नेतो.”

“भर टोपली,” मी म्हणाले. “अर्धी नको.”

चुंबळ डोक्यावर कशी बसवायची हे मी आयुष्यभर पाहिले होते. बसवली मात्र पहिल्यांदाच. टोपली डोक्यावर आली तेव्हा मान पोटात गेल्यासारखी वाटली. वाळूवर वीस पावले टाकून थांबले. तेवढ्यात वरून बागेतले गाणे ऐकू आले, आणि त्याच्याही वर लोकांचा गलका. “असा कसा?” “ह्यो नाय बरोबर.” कोणीतरी शिट्टी वाजवली.

अंधारातून मैना खाली येत होती. सावकाश, तिचे पाय आता धावत नाहीत. माझ्यासमोर येऊन ती उभी राहिली. मी शुद्ध बोलायचे विसरले.

“मैने, शेवटाला काय झाला?”

तिने दम घेतला आणि सांगू लागली. मुलगा आला. आई दारात बसलेली, डोळे गेलेले. त्याने पाणी मागितले. ती सांगत होती आणि प्रविणचे हात जाळ्यावर थांबले होते. मुलगा पाणी पिऊन निघाला तेव्हा आई मागून काय म्हणाली, तेही तिने सांगितले. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

“फिटला गो,” ती म्हणाली.

मला वाटले, आता ती माझ्या डोक्यावरची टोपली उतरवील. तिने होडीपाशी जाऊन दुसरी भरलेली टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली, चुंबळीवाचून, आणि पुढे चालू लागली. मी मागून निघाले. बोंबलांचे खारे पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होते.